भोंगा थांबला, जमीन उरली

कोल्हापूरच्या इतिहासात १९०६ हे साल दोन कामांसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी किंग एडवर्ड मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभे राहिले. त्याच वर्षी महाराजांनी संस्थानात कापडाची गिरणी काढण्याचे काम हाती घेतले. पुढे ती शाहू मिल या नावाने घराघरांत माहीत झाली. एका कामाने रयतेच्या मुलांची शिकण्याची सोय झाली, दुसऱ्याने कमावण्याची.

बोर्डिंग आजही चालू आहे. गिरणी मात्र २००३ मध्ये बंद पडली. कोटितीर्थ तलावाजवळची सुमारे २७ एकर जमीन, जुन्या इमारती आणि उंच धुराडे मागे उरले. शहराच्या मधोमध एवढी मोठी जागा पडून असली की प्रश्न उभा राहतोच : या जमिनीचे करायचे काय? आणि ते ठरवायचे कोणी?

हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा असता तर सातारा-सांगलीच्या घरांत त्यावर बोलण्याचे फारसे कारण नव्हते. पण आपल्याकडेही जुने कारखाने, गिरण्या, गोदामे बंद पडलेली आहेत. भिंतीला तडे गेलेले, आत वेड्या बाभळी माजलेल्या, फाटकाला कुलूप. शाळेला जाणारी मुले त्या भिंतीच्या कडेने रोज जातात, पण आत काय होते हे त्यांना कोणी सांगत नाही. या जमिनींचा निकाल आज ना उद्या लागणारच आहे. तो लागताना आपण तिथे हजर असू की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

सगळ्यांचा एकच भोंगा

आज वर्गात 'भोंगा' हा शब्द उच्चारला की मुलांच्या डोळ्यांसमोर मशिदीवरचा ध्वनिक्षेपक आणि त्यावरून झालेली भांडणे येतात. गिरणीचा भोंगा त्यांना ठाऊक नाही. ज्या घरात घड्याळ नव्हते त्या घरातही पाळी कधी सुरू होते, कधी सुटते हे भोंग्यावरून कळत असे. त्या आवाजावर चूल पेटायची, डबा भरला जायचा. गिरणीच्या फाटकातून आत जाणाऱ्यांत मराठा, दलित, मुसलमान, कोष्टी असे सगळेच असत आणि भोंगा सगळ्यांसाठी एकदाच वाजत असे.

२०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यभर मशिदींवरच्या भोंग्यांचा वाद पेटला होता. त्याच दिवसांत, ६ मे रोजी, शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण झाली म्हणून कोल्हापूरचे लोक १०० सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. स्मृतिशताब्दीच्या कार्यक्रमांसाठी शाहू मिलचे फाटकही उघडले गेले. आत प्रदर्शने भरली. लोक मुलाबाळांना घेऊन आले. एरवी कुलूपबंद असलेली जागा थोडे दिवस शहराची झाली.

या जागेवर शाहू महाराजांचे स्मारक व्हावे ही मागणी जुनी आहे आणि शासनानेही ती मान्य केलेली आहे. स्मारकाबरोबर उद्यान, संग्रहालय, सभागृह अशा कल्पना मांडल्या गेल्या. दुसऱ्या बाजूला असेही मत आहे की महाराजांनी ही जागा हातांना काम देण्यासाठी वापरली, तेव्हा इथे कापडाचाच एखादा नवा उद्योग यावा. दोन्ही मतांत तथ्य आहे. वर्षे मात्र जात राहतात, आणि बंद पडलेल्या इमारतीच्या बाबतीत प्रत्येक पावसाळा म्हणजे नुकसान. आधी कौले निसटतात, मग वासे कुजतात, मग भिंतीत पिंपळ उगवतो. काही वर्षांनी 'इमारत धोकादायक झाली, पाडण्यावाचून इलाज नाही' असा शेरा येतो आणि वाद आपोआप मिटतो. निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो, तो कोणाच्या सहीने झालेला नसतो इतकेच.

ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी

आपल्या दोन जिल्ह्यांचा औद्योगिक इतिहास रेल्वेच्या रुळांना धरून वसला आहे. पुणे-मिरज मार्गावर कराडचे स्टेशन ज्या गावात आहे ते ओगलेवाडी. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी इथे काचेचा कारखाना उभारला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. वीज येण्यापूर्वी रात्रीच्या अभ्यासाला, बाळंतिणीच्या खोलीला, मशिदीच्या हौदाला, गोठ्याला उजेड लागे तो कंदिलाचाच. परदेशी कंदिलाच्या जोडीला देशी कंदील उभा करणे हे त्या काळी स्वदेशीचे मोठे काम होते. पुढे घरोघर वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला. कारखानाही बंद पडला. आता गावाच्या नावात तेवढा तो शिल्लक आहे.

त्याच मार्गावर पुढे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळ जमीन दिली. १९१० मध्ये लक्ष्मणराव तिथे आले तेव्हा ते माळरान निवडुंगाने भरलेले होते. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना काढला आणि त्याच्याबरोबर कामगारांची घरे, शाळा, झाडे, बाग अशी वसाहत वसवली. किर्लोस्करवाडी आजही चालती आहे. उद्योग आणि बाग यांचे वैर असते असे ज्यांना वाटते त्यांनी तिथे एकदा जाऊन यावे.

शाहू मिल, किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. उद्योग उभा राहिला तो संस्थानिकांच्या आधाराने. त्यांनी दिलेली जमीन आणि पैसा शेवटी रयतेच्या घामातूनच आलेला होता. लोकांना काम मिळावे म्हणून तो दिला गेला. जिथे काम संपले, तिथे लोकांच्या वाट्याला काय उरले? काही ठिकाणी थकलेला पगार, काही ठिकाणी नुसती आठवण.

आपल्याकडे अशा गोष्टीसाठी अमानत हा शब्द आहे. वक्फाच्या चर्चेत आपल्या फुकहांनी हाही विचार केला आहे की, एखादी मालमत्ता ज्या कामासाठी दिली ते काम चालवणे अशक्य झाले, तर मूळ हेतूच्या जवळचे दुसरे लोकोपयोगी काम शोधावे. मालमत्ता वाया जाऊ देऊ नये आणि हेतूही सोडू नये. गिरण्यांच्या जमिनी वक्फ नाहीत. त्यांची मालकी कुठे महामंडळाकडे, कुठे कंपनीकडे, कुठे बँकेकडे आहे, आणि कायद्याने ज्याचा जो हक्क तो आहेच. तरी विचार करण्याची ही रीत उपयोगी आहे. लोकांच्या भल्यासाठी जे दिले गेले, त्यातला काही भाग तरी लोकांकडे परत आला पाहिजे.

मिरजेच्या शिकलगारांकडून

'काम गेले की सगळे संपले' असे म्हणण्यापूर्वी मिरजेकडे पाहावे. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार आणि झिलई देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा आटल्या आणि तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही. फरीदसाहेब सितारमेकर आणि त्यांच्या भावबंदांनी तेच कसबी हात भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळवले. आज देशभरातले गायक मिरजेचा तानपुरा मागवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पोलाद गेले, पण हातातली नजर राहिली.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवेही अशीच सांगण्यासारखी. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोरड्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीचशी निकामी केली. गोदामे आली, शीतगृहे आली, पेवे मागे पडली. पण विजेशिवाय धान्य-हळद कशी टिकवत असत हे मुलांना दाखवायचे असेल तर पेवाइतका चांगला पाठ दुसरा नाही. एखाद्या बागेत एक पेव नीट दुरुस्त करून, वर जाळी बसवून, आत डोकावता येईल असे ठेवले तर काय बिघडेल? अशा बागेत गवत-फुलांच्या जोडीला गावाची हिकमतही दिसते.

मुंबईत काय घडले

या वाटेत खड्डे कुठे आहेत हे पाहायचे तर मुंबईकडे पाहावे लागते. त्या गिरण्यांत आपल्याच जिल्ह्यांतली माणसे राबली. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे गिरणीत काम करत शाहीर झाले. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. १९४४ मध्ये या दोघांनी द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढले आणि गिरणगावचा आवाज गावोगाव नेला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य पुन्हा आत जाऊ शकले नाहीत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मुंबईच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होणार होती. १९९१ च्या नियमात या जमिनीची सोपी वाटणी होती : ढोबळमानाने एक हिस्सा बागा-मैदानांसाठी, एक हिस्सा सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक हिस्सा मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनेही सगळ्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा करून मोठ्या, सलग मोकळ्या जागा राखण्याचा आग्रह धरला होता.

२००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी करायची ती संपूर्ण जमिनीची नव्हे, तर जिच्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याच जमिनीची. गिरणीत बहुतेक जमीन शेडखालीच असते, म्हणून वाटणीला उरली ती फारच थोडी. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. जिथे साचे चालत होते तिथे मॉल आणि काचेचे मनोरे उभे राहिले. घरासाठी अर्ज केलेल्या कामगारांची आणि वारसांची संख्या लाखाच्या वर गेली, त्यांतले पुष्कळजण वाट पाहतच राहिले. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक आणि काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय, अशा थोड्या जागा मात्र लोकांसाठी राखता आल्या. त्याही मागण्या, मोर्चे आणि चिकाटीमुळे.

म्हणजे बाग झाली की नाही याचा निर्णय माळ्याच्या हातात नव्हता. नियमातल्या दोन-चार शब्दांनी तो झाला, आणि ते शब्द बदलले तेव्हा गिरणगावातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

इस्तंबूलचे गॅसघर

याच्या उलट गोष्ट इस्तंबूलची आहे. तिथल्या कादिकोय भागातल्या हसनपाशा मोहल्ल्यात उस्मानी काळात, १८९२ मध्ये, दगडी कोळशापासून गॅस बनवणारा कारखाना सुरू झाला. त्याच गॅसवर रस्त्यांचे दिवे जळत. १९९३ मध्ये तो बंद पडला. टाक्या गंजल्या, आवारात भंगार साठू लागले. जागेवर काय बांधायचे याचे बेत होऊ लागले तेव्हा मोहल्ल्यातलेच लोक एकत्र आले. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, निवृत्त माणसे यांनी स्वयंसेवकांचा गट केला, आवारात मेळावे भरवले, विद्यापीठातल्या वास्तुतज्ज्ञांना मदतीला घेतले आणि एकच गोष्ट सांगत राहिले : हे पाडू नका, आम्हाला द्या.

अखेर जुलै २०२१ मध्ये ते आवार 'म्युझे गाझहाने' या नावाने लोकांसाठी उघडले. जुन्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे जागेवर आहेत. आत वाचनालय, नाट्यगृह, हवामानबदलाची माहिती देणारे संग्रहालय आणि बसायला मोकळे अंगण आहे. बंद पडल्यापासून उघडेपर्यंत २८ वर्षे गेली. ज्या मुलांच्या आईवडिलांनी पहिली सभा घेतली असेल, ती मुले आज स्वतःच्या मुलांना घेऊन तिथे जात असतील.

जर्मनीतल्या डुइसबर्ग शहरात लोखंडाचा एक अवाढव्य कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. तो पाडण्याऐवजी पीटर लाट्झ या उद्यान-रचनाकाराने भट्ट्या जशाच्या तशा ठेवून भोवती उद्यान केले. खनिजाच्या कोठारांत बागा फुलल्या, जाड भिंतींवर मुले गिर्यारोहण शिकतात आणि गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात. आजोबांनी नातवाला बोट धरून 'मी इथे उभा राहून काम करत होतो' असे दाखवता यावे, हा त्यामागचा विचार होता. आपल्या सगळ्या जुन्या कारखान्यांना एवढा पैसा मिळणार नाही हे खरे. पण पाडण्याचाही खर्च असतोच, आणि धुराडे जागेवर राहू देणे ही पुष्कळदा सर्वांत स्वस्त सजावट असते.

आधी माती तपासा

कारखान्याच्या जमिनीवर बाग करायची म्हणजे खड्डे खणून रोपे लावणे एवढेच नसते. कापड गिरणीच्या मातीत रंग, रसायने आणि यंत्रांचे तेल मुरलेले असू शकते. काच बनवताना पूर्वी शिसे आणि आर्सेनिक यांसारखी विषारी द्रव्येही वापरली जात. जुन्या छपरांचे पत्रे पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडताना उडणारी धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी आजार उद्भवतो. लहान मुले मातीत खेळतात, हात तोंडात घालतात. म्हणून ठिकठिकाणची आणि वेगवेगळ्या खोलीवरची माती प्रयोगशाळेत तपासून घेणे ही पहिली पायरी आहे.

दोष सापडला तरी उपाय असतात. फार बिघडलेली माती उचलून योग्य ठिकाणी नेता येते. कमी दोष असेल तिथे चिकणमातीचा जाड थर देऊन त्यावर चांगली माती टाकतात. अमेरिकेत सिएटल शहरातल्या जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर १९७५ मध्ये उद्यान उघडले, तिथेही मातीवरचे काम पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. अशा जागेत पहिली काही वर्षे भाजीपाला आणि फळझाडे लावू नयेत. विहीर असेल तर तिचे पाणी तपासल्याशिवाय प्यायला वापरू नये. धुराड्याची आणि भिंतींची मजबुती अभियंत्याकडून पाहून घ्यावी, मगच फाटक उघडावे.

सांगलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. नदीच्या बाजूच्या सखल मोकळ्या जागा बांधून काढल्या तर पुराचे पाणी घरांत शिरणार. त्याच जागी उद्यान असेल तर चार दिवस बाग बुडेल, गाळ साफ करावा लागेल, पण पाण्याला पसरायला जागा मिळेल.

बाग कुणासाठी?

'बागेने पोट भरते का?' असा प्रश्न कोणीही विचारेल, आणि तो योग्य आहे. ज्या कामगारांची देणी थकली आहेत त्यांना ती आधी मिळाली पाहिजेत. मजुराचा मोबदला देण्यात दिरंगाई करू नये ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. थकलेल्या देण्यांवर कारंजे उडवून शोभा येत नाही. जागा मोठी असेल तर तिचा काही भाग कारागिरांच्या गाळ्यांना, प्रशिक्षण केंद्राला, बचत गटांच्या बाजाराला देता येईल. २७ एकरांत काम आणि बाग दोन्ही मावतात.

पण बाग ही चैन आहे असे समजू नये. आपल्या जुन्या मोहल्ल्यांत घरे लहान, गल्ल्या अरुंद. मुलगे निदान नाक्यावर किंवा मैदानावर जातात. मुलींनी दहावीनंतर मोकळ्या हवेत कुठे जावे? मधुमेह झालेल्या अम्मीला डॉक्टर रोज अर्धा तास चालायला सांगतात. ती चालणार कुठे, वाहनांच्या गर्दीत? सांगलीत आमराई आहे, पण लांबच्या वस्तीतल्या बाईला रिक्षाचे भाडे देऊन रोज तिथे जाणे परवडत नाही. घरापासून चालत जाता येईल अशी जागा तिला हवी आहे.

म्हणून बागेचा आराखडा पाहताना काही साध्या गोष्टी विचाराव्यात. प्रवेशाला तिकीट आहे का? फाटक एकच आहे की वस्तीच्या बाजूनेही एक आहे? बायकांसाठी स्वच्छ, कुलूप न लावलेले स्वच्छतागृह आहे का? संध्याकाळी पुरेसा उजेड असेल का? प्यायच्या पाण्याचा नळ, म्हाताऱ्यांना टेकायला पाठ असलेले बाक, अपंगांच्या खुर्चीला उतार आहे का? मोठमोठे पुतळे आणि रंगीत दिवे यांवर पैसा उडतो आणि नेमक्या या गोष्टी राहून जातात. झाडे निवडताना वड, चिंच, कडुनिंब, करंज अशी सावलीची निवडावीत. ज्याच्या झाडापासून माणसाने किंवा पाखराने काही खाल्ले त्याला सदक्याचा सवाब मिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लोकांसाठी लावलेले झाड ही सदका-ए-जारियाच आहे.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, विकास आराखडा वाचायला शिकावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा नागरिकांकडून ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात. वर्तमानपत्रातली ती जाहिरात बारीक अक्षरांत असते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो. आपल्या मोहल्ल्याजवळच्या बंद कारखान्याच्या जागेवर नकाशात कोणता रंग दाखवला आहे, हे पाहण्यासाठी नगररचना विभागात जाता येते. सूचना साध्या मराठीत, सह्यांसह दिली तरी चालते. सुनावणीला मात्र हजर राहावे.

दुसरी गोष्ट, आरक्षण पडले म्हणजे काम झाले असे नाही. त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत प्रशासनाने पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. बागेसाठी राखलेल्या पुष्कळ जागा अशाच हातच्या गेल्या. म्हणून नगरसेवकाला विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न असावा : 'आमच्या प्रभागातल्या आरक्षणांची मुदत कधी संपते?'

तिसरी गोष्ट घरातली आणि शाळेतली आहे. गिरणीत, काच कारखान्यात, सूतगिरणीत काम केलेले बुजुर्ग अजून आपल्यात आहेत. सुट्टीत मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवावे. पाळी किती तासांची होती, पहिला पगार किती मिळाला, जुम्म्याच्या नमाजसाठी सुट्टी मिळत असे का, दिवाळी-ईदला एकमेकांच्या डब्यात काय असे, संपात घर कसे चालले, हे सगळे विचारावे. उर्दूत लिहिले तरी चालेल, मराठीत लिहिले तरी चालेल. हजेरीचे बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, जुने फोटो ट्रंकेत पडलेले असतात. ते भंगारात जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. उद्या बागेत संग्रहालयाची खोली झाली तर तिथे संस्थापकांच्या तसबिरींशेजारी कामगारांची नावेही लागली पाहिजेत, आणि ती नावे आपल्याशिवाय दुसरे कोणी देणार नाही.

हे काम एकट्या जमातीचे नाही आणि तसे ते होणारही नाही. भोंगा सगळ्यांसाठी वाजत होता, तेव्हा जागा मागायची तीही सगळ्यांनी मिळून. मोहल्ला कमिटी, गणेश मंडळ, निवृत्त कामगारांची संघटना, महिला बचत गट एका निवेदनावर सह्या करतात तेव्हा ते निवेदन फाईलमध्ये दाबून ठेवणे कठीण जाते. शिवाय ज्या बागेसाठी सगळ्या वस्त्यांनी मिळून चपला झिजवल्या, त्या बागेत उद्या कोणाच्या मुलीला 'तू कुठली?' असे विचारायची हिंमत कोणाला होणार नाही.

येत्या रविवारी एवढेच करून पाहा. आपल्या गावातला बंद पडलेला एक कारखाना शोधा, त्यात काम केलेल्या एका माणसाला गाठा आणि त्याला मुलांसमोर बोलते करा. सोमवारी नगररचना विभागात जाऊन त्या जागेचा नकाशा मागा.